काकूंचे ऑपरेशन आणि घरातले मांजर

हर्णे, ता. दापोली

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले असून, मांजराच्या अंगावर औषधांना न जुमानणारे जंतू असतात म्हणून तुमच्या मांजरीला मिरकरवाड्याच्या जेटीवर सोडून द्यावे, असे शेजाऱ्यांनी सुचवल्याचे तुझ्या पत्रात वाचले आणि मन अस्वस्थ झाले. भीती अगदीच निराधार नाही, पण उपाय चुकीचा आहे.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बोका चावून आमच्या मनीच्या मानेवर गळू झाले. दापोलीला जाण्याचा आळस करून मी माझ्या घसादुखीतून उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूलमधली पूड अंदाजाने तिला तीन दिवस दुधातून दिली आणि सूज उतरताच बंद केली. महिनाभरात गळू पुन्हा आले. गुरांच्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला, तेव्हा त्यातले जंतू त्याच औषधाला दाद देत नाहीत असा अहवाल आला. अपुऱ्या औषधाने दुबळे जंतू मरतात आणि चिवटांना रान मोकळे मिळते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता, आणि तरीही मी ते केले, याचे मला आजही वाईट वाटते.

मनी आज ठणठणीत आहे. पण ठणठणीत मांजराच्या आतड्यातही असे ई. कोलाय जंतू आणि नाकात वा कातडीवर स्टॅफिलोकोकस मुक्कामाला असू शकतात. तिला त्यांचा त्रास नसतो, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. मांजर दिवसभर अंग चाटते, त्यामुळे आतड्यातले जंतू केसांवर येतात आणि तिथून आपल्या हातावर. शिवाय औषधाला दाद न देण्याचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असेल, तर एक जंतू ते दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. मात्र ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते: मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस मांजरात सापडतो, तेव्हा तो बहुधा माणसांतल्याच वाणाचा असतो. आपण दिलेल्या जंतूंसाठी तिला घराबाहेर काढणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून घरात मांजर असल्याचे सर्जनना आधीच सांग. टाके भरेपर्यंत तिला काकूंच्या खोलीत आणि अंथरुणावर येऊ देऊ नकोस. जखम तिने चाटता कामा नये. तिची घाण तू काढ आणि दर वेळी साबणाने हात धू. कोळणीकडून आणलेल्या बांगड्याची आतडी किंवा कच्चे मटण तिच्यापुढे टाकू नकोस, शिजवून दे. आणि जंतू 'साफ' करण्यासाठी निरोगी मांजराला अँटिबायोटिक तर मुळीच देऊ नकोस, त्याने चिवट जंतूच वाढतील. गोळ्यांच्या ज्या पट्टीवर लाल उभी रेघ असते, त्यातली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही आणि द्यायचीही नाही.

एवढे करूनही काकूंच्या जिवाला घोर लागत असेल, तर तारीख कळव. मी रत्नागिरीला येऊन मांजर घेऊन जाईन आणि टाके निघेपर्यंत तिला आमच्या माडीवर, मनीपासून वेगळी ठेवीन.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
विनायक