माझीच माती, भाडे माझे

महोदय,

कालच्या अंकातला नाला खोलीकरणाचा फोटो पाहिला. जेसीबी, हार, नारळ, सगळे व्यवस्थित आले आहे. किती टीसीएम (हजार घनमीटर) पाणी साठणार तेही वार्ताहरांनी लिहिले. फक्त माथ्यावर, म्हणजे डोंगरउतारावर, पाणी मुरवायचे चर काढलेत का, वरच्या शेतांची बांधबंदिस्ती झाली का, एवढे विचारायचे राहून गेले. माथा ते पायथा, म्हणजे आधी वरची कामे मग नाला, म्हणतात ते बहुधा फलकावर लिहायला. चरांपुढे नारळ कोण फोडणार?

2017 च्या उन्हाळ्यात माझ्या शेताशेजारचा नाला असाच दोन पुरुष खोल झाला. निघालेला मुरूम काठावर ओतला. बांधावरचे पवन्याचे गवत, वडिलांनी थोंबे आणून लावलेले, त्याखाली गाडले गेले. पहिल्याच मोठ्या पावसात काठ ढासळला आणि अर्ध्या एकराची काळी माती रातोरात नाल्यात गेली, नुकत्याच पेरलेल्या सोयाबीन-डीएपीसकट. डीएपीतला स्फुरद मातीच्या कणाला धरूनच वाहून जातो, हे साहेबांनी पंचनाम्याच्या वेळी समजावून सांगितले. आभारी आहे.

2019 ला आमच्याकडे गाळयुक्त शिवार आले, तलावातला गाळ शेतात टाकायची सरकारी योजना. खालच्या पाझर तलावातला गाळ फुकट, वाहतूक आमची. तीस ट्रॉल्या आणल्या. चौथी की पाचवी ट्रॉली पालथी केली तर त्यातून ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा निघाला. शेंडा दुमडून निळ्या सुतळीने बांधलेला. ती गाठ माझ्या हातची, कपाशीच्या वेळची. म्हणजे माझीच माती मी भाडे भरून परत आणली! लाभार्थ्यांच्या यादीत माझे नाव आहे, तपासून पाहावे.

खोलीकरण नकोच असे मी म्हणत नाही. पण पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेले कडवंची गाव आमच्याच जालना जिल्ह्यात आहे, वार्ताहरांना एसटीने जाता येईल. तिथे आधी डोंगरउतार आणि शेतांचे बांध झाले. आमच्याकडे बांधावर गवत लावायला बिल निघत नाही, पोकलेनच्या तासांचे निघते.

जाता जाता एक. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, नोव्हेंबर उजाडला तरी गोदामातच होते, पाणी निघून गेले, असे मागच्या पत्रात लिहिले होते. तुम्ही नेमका तोच परिच्छेद कापलात आणि वर मथळा दिलात 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. या वेळी जागा कमी पडली तर मथळा कापावा.

– एक लाभार्थी शेतकरी, भोकरदन (जि. जालना)