बाई, तुम्ही आम्हाला शाळा बघायला शिकवलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहा ठेवायला आत निघून जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. मुलंबाळं घेऊन गावाकडं परतणारी आमच्यासारखी बरीच घरं आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

मागच्या मे महिन्यात सासऱ्यांच्या आजारपणामुळं हडपसरचं बिऱ्हाड हलवून आम्ही अक्कलकोट तालुक्यात, आमच्या गावी आलो. लेक पाचवीत जायची होती, धाकटा दुसरीत. शेतीचा, दवाखान्याचा विचार करून झाला होता. शाळेचं मात्र ‘गेल्यावर बघू’ असंच राहिलेलं. गावात ज्याला विचारावं त्याचं वेगळंच. कुणी म्हणे जिल्हा परिषदेच्या शाळेत आता राहिलंय काय, कुणी म्हणे दारात पिवळी गाडी येते ती शाळा धरा. त्या गाडीवाल्या एका शाळेत मी गेलेही. तिथं सात वर्षांच्या पोराला तासभर पेपर सोडवायला बसवलं. बाहेर आल्यावर तो गाडीवर बसेपर्यंत एक शब्द बोलला नाही. प्रवेशासाठी मुलांची अशी परीक्षा घ्यायला शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. कायदा २००९ चा, आणि मी शिकलेली बाई!

तुमचं पहिलं सांगणं होतं थांबण्याचं. “बंद शाळा बघून काय कळणार? पोरं येऊ देत.” जूनमध्ये शाळा उघडल्या, तरी तुम्ही पहिल्या दिवशी जाऊ दिलं नाहीत. त्या दिवशी गुलाबाची फुलं असतात, गोड खाऊ असतो, सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात. आपण गेलो दुसऱ्या आठवड्यात, तेही दुपारी अडीचला, खिचडी खाऊन पोरं पेंगायला लागतात तेव्हा. त्या वेळी वर्गात कोण शिकवतंय आणि कोण नुसतं बसवून ठेवतंय, ते लगेच दिसलं.

पहिल्याच शाळेत मी रंगवलेल्या बोलक्या भिंती बघून हरखले होते. तुम्ही हळूच म्हणालात, “भिंती काय बघूलालीस? वह्या बघ.” वर्ष नवीन, वह्या कोऱ्या. तर तुम्ही जवळ राहणाऱ्या चार पोरांना घरी पिटाळून गेल्या वर्षीच्या वह्या आणवल्यात. तिथल्या व्हरांड्यात तुमच्या शेजारी बसून मी जे बघितलं ते विसरणार नाही. एका वहीत दिवाळीनंतर वर्गाच्या बाईंची सहीच नव्हती. दोन वह्यांत ‘माझी आई’ निबंध शब्द न् शब्द सारखा, म्हणजे फळ्यावरून उतरवलेला. पुढं तिसऱ्या शाळेतही तशाच जुन्या वह्या बघितल्या. त्या मळलेल्या, कोपरे दुमडलेले, पण पानोपानी तारीख. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ, आणि त्याखाली पोरानं तोच शब्द तीनदा नीट लिहिलेला. ‘ज्वारी’ हा शब्द होता. पुढच्या पानावर तो बरोबर आलेला तुम्ही बोट ठेवून दाखवलात.

वाचायलाही तुम्ही धडा दिला नाहीत, धडा पाठ असतो. पर्समधलं वर्तमानपत्र काढलंत. चौथीतली मुलगी अडखळत का होईना, पण बातमी वाचून तिचा अर्थ सांगू शकली. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून बघितलात. स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी गप्पा मारल्यात. मास्तर रजेवर गेले की वर्ग कोण सांभाळतं, हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

आणि कानडीचं. हे मला एकटीला सुचलंच नसतं. आपल्या भागात निम्म्या घरांत कानडी बोलतात, कानडी माध्यमाच्या शाळाही आहेत. माझ्या पोराला ‘नीरू’ म्हणजे पाणी एवढंही येत नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातली शाळा म्हटलं की आम्हाला माढ्याजवळची परितेवाडी आठवायची, कारण २०२० साली तिथल्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज, जगभरातल्या शिक्षकांतून दिलं जाणारं बक्षीस, मिळालेलं. सगळ्यांना तेच ठाऊक. तुम्ही म्हणालात, तेही त्या गावात शिरले ते कानडी शिकून, पोरांसाठी पुस्तकं कानडीत करून. तेव्हा तुझ्या पोराला दोन्ही भाषा येणारे गुरुजी शोध. तिसऱ्या शाळेतले गुरुजी तसे निघाले. पट अवघा एकवीस, दोनच शिक्षक, पत्र्याची एक खोली. एकट्यानं बघितली असती तर मी आत पाऊलही टाकलं नसतं.

तीन आठवडे पोरगा शाळेत गप्प होता. मी रोज रात्री रडायचे, तेही तुम्हाला माहीत आहे. “घाई करू नको, तो ऐकतोय,” एवढंच तुम्ही म्हणायचात. मग एका संध्याकाळी दप्तर फेकून तो सासऱ्यांच्या खाटेपाशी गेला आणि म्हणाला, “ऊटा आतेन?” म्हणजे, जेवण झालं का? आजारपणात कंटाळलेले सासरे कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.

लेकीचं वेगळं. तिला शेजारच्या गावातलं हायस्कूल. पाचवीपासून मुलींना एसटीचा पास मोफत आहे, हे मला ठाऊक होतं. पण शाळा सुटल्यावर गाडी किती वाजता येते, हे बघायला तुम्ही सलग तीन दिवस त्या फाट्यावर उभ्या राहिलात, गुडघे दुखत असताना. तिसऱ्या दिवशी गाडी आलीच नाही. मग त्याच वाटेनं जाणाऱ्या चार मुलींची घरं शोधून त्यांच्या आयांची गाठ घालून दिलीत. आज पाचजणी एकत्र येतात-जातात. गाडी चुकली तर कुणी घ्यायला जायचं, तेही ठरलेलं आहे.

धाकट्याचा दाखला पुण्याहून यायला दोन महिने लागले. दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी धीर धरला. गुरुजींनीही पहिल्या दिवसापासून त्याला बसवून घेतलं.

एक काळजी उरली आहे. बदल्यांचे दिवस आले की पोटात गोळा येतो. तुम्हीच सांगितलं होतंत, गुरुजी बघून शाळा घेतेस, पण गुरुजी जाणार हे धरून चाल. म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जायला लागले आहे. दोन्ही भाषा येणारेच शिक्षक इथं द्यावेत, असा अर्ज आम्ही पालक मिळून करणार आहोत. मसुदा तुम्हाला दाखवायचा आहे.

रविवारी सगळे येतोय. धाकटा त्याची मराठीची वही आणणार आहे. तुम्ही आधी तारखा बघणार, हे मी त्याला सांगून ठेवलंय. काल रात्री बसून त्यानं राहिलेल्या दोन घातल्या.

तुमची,
दोन लेकरांची आई