‘अर्कानं बॅक्टेरिया मेले’ याच्या पुढचं पण छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

अमुक झाडाच्या अर्कानं औषधाला दाद न देणारे बॅक्टेरिया मेले, अशी बातमी अधनंमधनं वाचायला मिळते आणि ती तिथंच संपते. अशी अर्धी बातमी घरात काय करते ते यंदा बघितलं, म्हणून लिहितोय.

आईला शुगर आहे, वय 71. उन्हाळ्यात चप्पल चावून अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली, गोळ्या झाल्या, बदलून दुसऱ्या झाल्या तरी फरक नाही, शेवटी पू तपासायला पाठवला. कल्चरच्या रिपोर्टमध्ये क्लेबसिएला नावाचा बॅक्टेरिया निघाला आणि खाली औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढं एक अक्षर, एस म्हणजे औषध चालतंय, आर म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. वरनं खाली बोट फिरवत गेलो तर आर, आर, आर... एस फक्त दोन ठिकाणी, आणि ती दोन्ही इंजेक्शनं.

त्याच आठवड्यात मावशी गारगोटीहून दगडी पाला घेऊन आली. आम्ही सगळी लहानपणी शेतात खरचटलं की हाच पाला चोळून पिळायचो आणि रक्त थांबायचं, त्यामुळं आईचा विश्वास होताच, वर मावशी म्हणाली, "आक्का, पेपरात आलंय, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." आईनं दोन दिवस ड्रेसिंग सोडून चेचलेला पाला बांधला. मला कळलं तेव्हा जखमेत हिरवा चोथा अडकलेला आणि अंगठा काळा पडायला लागलेला. अंगठा काढावा लागला. पाल्यामुळंच गेला असं मी म्हणणार नाही, आणि मावशीवर राग पण नाही, तिनं मायेनंच आणला होता. पण ते दोन दिवस गेले ते गेलेच.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. दगडी पाल्यावर प्रयोग झालेत हे खरंय, पण बहुतेक काचेच्या प्लेटमधले. प्लेटमध्ये बॅक्टेरिया वाढवायचे, अर्क घालायचा आणि भोवती किती मिलिमीटर जागा मोकळी झाली ते मोजायचं. आता अँटिबायोटिक जिथं मायक्रोग्रॅममध्ये काम करतं तिथं कच्च्या अर्काला बऱ्याचदा मिलिग्रॅम लागतात, म्हणजे हजार पटीचा हिशोब, तेवढं रक्तात पोचणार कसं आणि पोचलं तर लिव्हर-किडनीचं काय? हळदीतलं कर्क्युमिन घ्या, पोटातनं ते रक्तात फारसं जातच नाही. शिवाय स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) या दुसऱ्या बॅक्टेरियावर चाललेला अर्क क्लेबसिएलावर चालेलच असं नाही, कारण क्लेबसिएलाला बाहेरनं एक जादा आवरण असतं आणि बरेच अर्क तिथंच अडतात.

म्हणून हे संशोधन फालतू आहे असं मात्र कुणी समजू नये, मला तर त्याचीच आस लागलीय. दारुहळदीच्या जातीच्या झाडांचं बघा. त्यात बर्बेरिन असतं, बॅक्टेरियाला मारू शकणारं, पण स्टॅफ ते पंपानं बाहेर फेकतो, 2019 च्या पुरात आम्ही शाहूपुरीत मोटर लावून घरातलं पाणी बाहेर फेकत होतो तसंच. 2000 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच झाडात दुसरा एक पदार्थ असतो, तो स्वतः कुणाला मारत नाही, फक्त तो पंप बंद पाडतो! आपल्या मिऱ्यातलं पायपरिन पण प्रयोगात तोच पंप अडवतं आणि मग सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा असर वाढतो. म्हणजे उद्या झाडातला पदार्थ आणि जुनं अँटिबायोटिक जोडीनं वापरता आलं तर रिपोर्टमधले काही आर परत एस होतील, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

पण त्याला वेळ द्यावा लागतो. चीनच्या तू यूयू यांना मलेरियाच्या औषधासाठी 2015 ला नोबेल मिळालं, त्यांनी जुन्या ग्रंथातला उल्लेख धरला, उकळून काढलेला अर्क नीट चालत नव्हता म्हणून कमी तापमानाला ईथरमध्ये काढला, आणि 1972 मध्ये त्यातनं आर्टेमिसिनिन वेगळं केलं, मग माणसांवर चाचण्या झाल्या. पाला चेचून बांधला आणि झालं, असं नाही ते.

2019 या एका वर्षात जगात रेझिस्टंट बॅक्टेरियांमुळं थेट 12.7 लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणून विनंती करतोय. अशी बातमी छापताना एक ओळ जादा घाला, की हा प्रयोग प्लेटमधला, उंदरावरचा का माणसावरचा, आणि कुठल्या बॅक्टेरियावरचा. शिवाजी विद्यापीठात बॉटनीचे आणि मायक्रोबायॉलॉजीचे लोक आहेत, एक फोन करून विचारा. आणि झाडाचं नाव छापताना जंगलाचा पण विचार करा, नरक्या नावाच्या झाडात कॅन्सरच्या औषधाचा कच्चा माल सापडला आणि सह्याद्रीत त्याची बेसुमार तोड झाली.

आईचं ड्रेसिंग अजून एक दिवसाआड चालू आहे. मावशी आली की आता आधी रिपोर्टची फाईल मागते.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर