डाव्या बरगड्यांखालची जखम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोसकल्याच्या जखमांवरचा कालचा लेख वाचला. रक्तदाब स्थिर, पोट मऊ आणि सीटी स्कॅन निर्धोक असेल तर रुग्णाचे पोट उगाच उघडू नये, हे म्हणणे मान्य आहे. परंतु लेखकमहाशयांनी डाव्या बरगड्यांखालची जखमही त्याच न्यायाने चार ओळींत निकालात काढावी, हे अजिबात पटले नाही.

माझ्या धाकट्या भावाला तिथेच चाकू लागला होता. एक्स-रे स्वच्छ आला, टाके घातले आणि घरी धाडले. पुढे कित्येक वर्षे जेवण झाले की त्याची छाती भरून येई, डाव्या खांद्यात कळ जाई आणि त्यावर आम्लपित्ताच्या गोळ्या चालत. एका रात्री उलट्या थांबेनात, तेव्हा एक्स-रेत डाव्या छातीत हवेचा मोठा फुगा दिसला आणि फुप्फुसाभोवती हवा साठली आहे असे समजून बरगड्यांमधून नळी घालायची तयारीही झाली. एका निवासी डॉक्टरने आधी नाकातून जठरात नळी सोडून पुन्हा एक्स-रे काढण्याचा शहाणपणा दाखवला, म्हणून निभावले. त्या नळीचे टोक छातीत वेटोळे घालून बसले होते. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, चाकूने पडलेल्या जुन्या भोकातून जठर वर गेले होते.

श्वासपटल प्रत्येक श्वासाला हलते आणि छातीतला दाब पोटातल्यापेक्षा कमी असल्याने अवयव वर ओढले जातात. उजवीकडे यकृत आड येते, म्हणून तिथे थांबून पाहण्यात अर्थ आहे. डावीकडे ती सोय नाही. फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे यांनी १५७९ मध्ये नोंदवलेला कप्तान गोळी लागल्यावर आठ महिन्यांनी दगावला, तेव्हा श्वासपटलातल्या, आतडे अडकलेल्या छिद्रात करंगळीचे टोकही जेमतेम जात होते. हे फारच जुने वाटत असेल, तर अमेरिकेतील ‘ईस्ट’ या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा स्थिर रुग्णांत डावीकडे सीटीवर न विसंबता पोटात दुर्बीण घालून पाहावे, असेच सुचवले आहे. त्यासाठी भूल द्यावी लागते आणि अनेकांत काहीच सापडत नाही, हे खरे. पण दुर्बीण घालायची नसेल तर निदान डिस्चार्ज कार्डावर ‘श्वासपटल तपासलेले नाही’ असे लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या डॉक्टरला शंका तरी येईल. भावाच्या कार्डावर ‘किरकोळ जखम’ एवढेच होते.

जाता जाता, लेखासोबतच्या चित्रात श्वासपटल बरगड्यांच्या तळाशी फळीसारखे सपाट दाखवले आहे. श्वास सोडल्यावर त्याचा घुमट पुढून चौथ्या बरगडीच्या आसपास पोचतो, त्यामुळे छातीवर दिसणारी जखम पोटातही उतरलेली असू शकते. ते चित्र तरी दुरुस्त करून पुन्हा छापावे.

आपला,
एक नियमित वाचक