बालिकाश्रमांच्या नोंदवह्या रद्दीत घालू नका

महोदय,

मुलींच्या अनाथाश्रमांचा इतिहास आपल्याकडे संस्थापकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि प्लेगमुळे १९०० साली आश्रम हिंगण्याच्या झोपडीत हलला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या शेतात नेल्या. शतक पालटेपर्यंत तिथली संख्या दीड हजारांवर गेली. त्या दीड हजारांपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? मुलगी कुठल्या गावची, तिला कोणी आणून सोडले, कोणत्या आजारात गेली किंवा कोणाच्या घरी नांदायला गेली, हे कळायची एकच जागा असते, ती म्हणजे प्रवेश-नोंदवही.

जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की या वह्या पोत्यात भरल्या जातात. विश्वस्तांना कळकळीची विनंती, की दप्तर हलवण्याआधी वह्या मोजून यादी करा. प्रवेश-नोंदवहीबरोबर हजेरीपट, दवाखान्याची वही, धान्याच्या कोठीची वही आणि देणगीची पावतीपुस्तकेही ठेवा. प्रवेशवहीत एखादे वर्ष कोरे असले तरी त्या वर्षी पटावर किती मुली होत्या, याचा अंदाज कोठीच्या वहीवरून बांधता येतो.

नुकसान बहुतेकदा चांगल्या हेतूनेच होते. फाटक्या पानाला सेलोटेप लावली की काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन केलेले पान पुन्हा मोकळे करणे जवळपास अशक्य. जुनी निळी-काळी शाई लोहयुक्त आणि आम्लधर्मी असते. दमट हवेत ती कागदच खाते आणि अक्षराच्या जागी भोक पडते. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवा. टाचण्या गंजतात, त्या काढून घ्या. वही भिजलीच तर उन्हात वाळवू नका, पाने वाकडी होऊन एकमेकांना चिकटतात. पंख्याखाली उभी उघडून ठेवा, दर आठ-दहा पानांमध्ये टीपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला.

झेरॉक्ससाठी वही काचेवर पालथी दाबली की शिवण तुटते. त्यापेक्षा खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, स्टँडवर आडव्या लावलेल्या मोबाइलने एकेका पानाचा फोटो घ्या. वही काटकोनापेक्षा फार उघडू नका. आधी पेन्सिलीने पानांना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक फाइलच्या नावात येऊ द्या. कोरी पानेही सोडू नका, नाहीतर पुढे पान गहाळ झाले की कोरेच होते हे सांगता येत नाही. प्रती दोन, वेगवेगळ्या इमारतींत.

सूची करताना तीन अडचणी हमखास येतात. आश्रमात आल्यावर मुलीचे नाव बदललेले असते, त्यामुळे एकच मुलगी दोनदा मोजली जाते. म्हणून दोन्ही नावे आणि प्रवेश क्रमांक एकाच ओळीत लिहा. वय बहुधा अंदाजे टाकलेले असते, त्यावरून जन्मसाल ठरवू नका. तारीख शके आणि तिथीने असेल तर नुसते ७८ मिळवून भागत नाही. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागू शकतात, तेव्हा त्या वर्षीचे पंचांग पाहा. मोडीतल्या नोंदी वाचता येत नाहीत म्हणून बाजूला टाकू नका. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, तिथे शिकलेले वाचक मिळतात.

हे काम केवळ अभ्यासकांसाठी नाही. स्वीडन, नेदरलँड्स, स्वित्झर्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुली आता मोठ्या होऊन आपले मूळ शोधत महाराष्ट्रात येतात. दत्तक नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला तसा अर्ज करता येतो. वही नसेल तर त्या अर्जाला उत्तरच नसते. मात्र वह्यांचे फोटो फेसबुकवर टाकू नयेत, स्मरणिकेतही छापू नयेत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे, आणि जन्मदात्या आईच्या खासगीपणाचाही प्रश्न असतो. अभ्यासकाला नावे झाकलेली प्रत द्यावी, मूळ वही कुलपात राहावी, आणि ती कोणी, कधी, कशासाठी पाहिली याची सहीनिशी नोंद तिच्याशेजारीच ठेवावी.

– संस्थांच्या जुन्या दप्तरांचे काम करणारे कार्यकर्ते, पुणे