एका दिवसात अख्खं शहर दाखवणाऱ्या चौकटी छापू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतलं प्रवासाचं पान मी न चुकता वाचते, आणि त्यात सारख्या दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल आज लिहायला बसलेय. कुठल्याही जुन्या ऐतिहासिक शहरावर लेख आला की खाली एक चौकट असतेच, "एका दिवसात काय काय बघाल", आणि तिच्यात दहा-बारा नावं. लोक तिचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात, जपून ठेवतात, आणि पुढे त्या शहरात एक दिवस प्रायव्हेट गाइड घ्यायचं ठरलं की तीच चौकट त्याच्यापुढे ठेवून म्हणतात, एवढं सगळं दाखवा. मला अगदी मनापासून वाटतं की ज्या दिवशी आपण फक्त आपल्यासाठी गाइड घेतलाय, त्या दिवसाचं सगळ्यात जास्त नुकसान ही चौकट करते.

बसभर माणसांच्या टूरमध्ये घाई असणारच, तिथे कुणाचा दोष नाही. पण स्वतःपुरता गाइड घेण्यात फायदा काय, तर थांबता येतं, प्रश्न विचारता येतात, एखादी गोष्ट आवडली तर तिथेच तासभर घालवता येतो, कंटाळा आला तर पुढचं रद्द करता येतं. दहा ठिकाणं ठरवून ठेवली की यातलं काहीच उरत नाही, मग गाइड फक्त रस्ता दाखवतो आणि घड्याळ बघतो, आणि रस्ता तर मोबाइलचा मॅपसुद्धा दाखवतो.

रोमचंच उदाहरण घ्या. व्हॅटिकन म्युझियम, सिस्टिन चॅपल, सेंट पीटर्स, कोलोसियम, फोरम, पँथिऑन, ट्रेव्हीचं कारंजं, हे सगळं एका दिवसात बसवलेले प्लॅन सर्रास दिसतात. कागदावर बसतंही. पण सिस्टिन चॅपलच्या आत बोलायला मनाई आहे, गाइडलाही, आणि फोटोही काढू देत नाहीत. म्हणजे मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 मध्ये रंगवलेलं छत आणि नंतर 1536 ते 1541 मध्ये वेदीमागच्या भिंतीवर केलेला 'अंतिम न्याय' याबद्दल जे काही सांगायचं ते गाइड आधी बाहेरच सांगतो, म्युझियमच्या अंगणात त्यासाठी चित्रांचे फलकच उभे केलेले आहेत. तिथे नीट उभं राहून अर्धा तास ऐकलं तर आत गेल्यावर डोळे आपोआप बरोबर जागी जातात. पण दुपारी कोलोसियमचा स्लॉट घेतलेला असेल तर हाच अर्धा तास सगळ्यात आधी कापला जातो आणि माणसं आत जाऊन माना वर करून उभी राहतात, नेमकं काय बघायचं तेच कळत नाही. इजिप्तमध्ये लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यातही तसंच, थडग्यांच्या आत गाइड समजावून सांगू शकत नाही, सगळं बाहेर सांगून तो तुम्हाला आत सोडतो. अशा ठिकाणी बाहेरचा वेळ हाच खरा गाइडचा वेळ, तो प्लॅनमध्ये धरायलाच हवा, आणि कुठलीही चौकट तो धरत नाही.

आता उलटं बघा. कोलोसियमपासून चालत काही मिनिटांवर सान क्लेमेंते नावाचं चर्च आहे, ते या चौकटींमध्ये सहसा नसतं. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्याखाली चौथ्या शतकातलं जुनं चर्च, आणि त्याच्याही खाली उतरलं की रोमन काळातल्या इमारती आणि मिथ्र देवाचं देऊळ. 1857 मध्ये तिथल्याच मुलूली नावाच्या एका धर्मगुरूने खालचं खोदकाम सुरू केलं तेव्हा हे थर उजेडात येऊ लागले. एकटे गेलात तर ओलसर तळघरं आणि पडक्या भिंती दिसतात, पण नीट सांगणारा माणूस बरोबर असेल तर एक शहर दुसऱ्यावर कसं चढत गेलं हे पायऱ्या उतरता उतरता समजतं. मला विचाराल तर प्रायव्हेट गाइडचा पैसा वसूल होतो तो अशा जागी. पँथिऑन या प्राचीन देवळाचंही तेच, दर्शनी भागावर सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या अग्रिप्पाचं नाव कोरलेलं आहे पण आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली, आणि आतल्या घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सारखी, साधारण 43 मीटर, लोखंडी सळ्या नसलेल्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात आजही दुसरा नाही. हे ऐकून वर बघणं आणि न ऐकता वर बघणं यात खूप फरक आहे. ट्रेव्हीच्या कारंज्यापाशी मात्र गाइड लागत नाही, तिथे संध्याकाळी आपले आपण जावं.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की प्लॅन करताना आधी जागा दोन भागांत वेगळ्या काढा, कुठे सांगणारा माणूस लागतो आणि कुठे नाही. बागा, चौक, पूल, बाजार, नदीकाठ हे बहुतेक वेळा आपण एकटे बघू शकतो. गाइडच्या दिवसात एक मोठी जागा, एक मध्यम, आणि एक छोटी जी गाइडच्या स्वतःच्या आवडीची असेल, एवढंच ठेवा. ही तिसरी जागा त्यालाच निवडायला सांगा, चांगला गाइड असेल तर खुलतो अगदी, कारण रोज तेच ते दाखवून तोही कंटाळलेला असतो.

दुसरं म्हणजे बंद असण्याचे वार. ही इतकी साधी गोष्ट आणि तीच लेखांमध्ये नसते! ताजमहाल शुक्रवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद आणि त्याच शहरातलं ओर्से म्युझियम सोमवारी, फ्लॉरेन्सची उफित्सी आर्ट गॅलरी सोमवारी, बीजिंगचा जुना राजवाडा सणासुदीचे दिवस सोडले तर सोमवारी, इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी आणि तिथलाच ग्रँड बझार रविवारी. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी प्रवेश फुकट असल्यामुळे गर्दी इतकी की गाइड घेऊन जाण्यात अर्थ नाही. विमानाची तिकिटं काढून झाल्यावर हे कळलं की मग सगळी ओढाताण होते. नुसता वार बघूनही भागत नाही, इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना थांबवतात आणि शुक्रवारची सकाळ तर जवळपास जातेच. तिथल्याच आयासोफिया या जुन्या वास्तूबद्दलचे जुने लेख वाचून गेलात तर गोंधळ होईल, 2020 मध्ये तिची परत मशीद झाली आणि 2024 पासून परदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने वरच्या सज्जात नेतात, खालचा भाग नमाजासाठी. म्हणजे 2024 च्या आधीची माहिती परत छापली तर ती चुकीचीच ठरते, आणि वाचक तुमच्यावर विश्वास ठेवून जातो हो!

तिकिटांचं तर फारच बदललंय. पूर्वी गाइड सकाळी जाऊन रांगेत उभा राहायचा, आता बऱ्याच मोठ्या जागांना आधी ऑनलाइन वेळ ठरवून घ्यावी लागते आणि तिकिटावर नाव असतं. कोलोसियमला 2023 पासून नावाचं तिकीट आणि ओळखपत्र लागतं. स्पेनमध्ये ग्रानादाच्या अलहम्ब्रा किल्ल्यात आतल्या नासरी राजवाड्यांची ठरलेली वेळ चुकली की आत सोडत नाहीत, मग गाइड कितीही ओळखीचा असो. अथेन्सच्या अॅक्रोपोलिस या प्राचीन टेकडीलाही 2023 पासून रोजच्या माणसांना मर्यादा आहे आणि वेळेचे स्लॉट आहेत. त्यामुळे गाइडशी बोलताना पहिल्याच मेसेजमध्ये विचारा की तिकिटं कोण काढणार, तुम्ही की आम्ही, सगळ्यांची पासपोर्टवरची नावं कधीपर्यंत हवीत, आणि तुमच्या फीमध्ये तिकिटं धरली आहेत की वेगळी. बहुतेक ठिकाणी गाइडची फी अख्ख्या कुटुंबाची मिळून असते आणि तिकिटं माणशी वेगळी, हे आधी कळलं नाही तर शेवटी वाद होतात आणि छान गेलेल्या दिवसाची चव बिघडते.

गाइड आणि ड्रायव्हर यातला फरकही लोकांना कुणी सांगत नाही. गाडीवाला रस्त्यात गोष्टी सांगतो, प्रेमाने सांगतो, पण अनेक देशांत स्मारकाच्या आत माहिती सांगायला परवाना लागतो आणि तो ड्रायव्हरकडे नसतो, मग तो दारात सोडून म्हणतो, तुम्ही बघून या. फ्रान्समध्ये गाइडचं व्यावसायिक कार्ड असतं, तुर्कस्तानात परवान्याचं कार्ड गळ्यात असतं, ब्रिटनमध्ये ब्लू बॅज असतो, इटलीने तर 2023 च्या शेवटी देशभरासाठी एकच परीक्षा ठेवणारा नवा कायदा केला. बुकिंग करताना परवाना आहे का हे विचारण्यात काही अपमान नाहीये, खरा गाइड उलट अभिमानाने कार्ड दाखवतो, वर्षानुवर्षं अभ्यास करून मिळवलेलं असतं ते. आणि गाडी लागते का हाही प्रश्न स्वतःला विचारा. व्हेनिसमध्ये गाडीचा प्रश्नच नाही, मोरोक्कोतल्या फेसच्या जुन्या गावठाणात गाड्या जातच नाहीत, फ्लॉरेन्सच्या मध्यभागात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. तिथे दिवसभराची गाडी घेणं म्हणजे ती वेशीवर उभी करून ठेवण्याचे पैसे देणं. त्याउलट जागा शहराबाहेर पसरलेल्या असतील किंवा बरोबर म्हातारी माणसं असतील तर गाडीच्या पैशात काटकसर करू नका.

म्हाताऱ्या माणसांबद्दल जरा जास्तच लिहिते, कारण आपल्याकडे आईवडिलांना घेऊन जाणारी मुलं खूप आहेत आणि प्रायव्हेट गाइड मुख्यतः त्यांच्यासाठीच घेतला जातो. गाइडला आधीच स्पष्ट सांगा की कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला दर दोन तासांनी टॉयलेट लागतं, कुणाला कानाला कमी ऐकू येतं. लाजू नका! जुन्या शहरांचे दगडी रस्ते सपाट नसतात, अॅक्रोपोलिसवरचा संगमरवर इतक्या पावलांनी गुळगुळीत झालाय की तिथे पाय घसरतो, पण तिथेच चालता न येणाऱ्यांसाठी लिफ्टही आहे, आणि ती कुठून आणि कशी मिळते हे गाइडलाच माहीत असतं. आधी सांगितलं तर तो चढणीऐवजी वळसा घालून नेतो, बसायच्या जागा हेरून ठेवतो. उन्हाचंही बघा, 2023 आणि 2024 च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेत अॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. उघड्यावरचं सगळं सकाळी लवकर, छपराखालचं दुपारी, एवढं तरी पाळा. आठ तास चालवून आईवडिलांना दमवण्यापेक्षा चार तासांचा गाइड घ्या आणि उरलेला दिवस त्यांना बसू द्या.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला त्यांच्या टूर कंपनीने दिलेल्या गाइडने दुपारभर दुकानांतून फिरवलं, गालिचे, दागिने, अत्तरं, आणि संध्याकाळी मुख्य राजवाड्याचं दार बंद झालेलं. आजी रडायला आल्या होत्या, त्यांना तो राजवाडाच बघायचा होता. म्हणून दुकानं नकोत हे आधीच मेसेजमध्ये लिहून ठेवा, आणि शेवटचा प्रवेश किती वाजता हेही विचारा, कारण बंद व्हायची वेळ आणि शेवटचा प्रवेश यात बरंच अंतर असतं. मेसेज लिहिताना आपल्याला कशाची आवड आहे तेही सांगा, नुसतं आम्ही चौघं आहोत असं नको. घरात कुणी सिव्हिल इंजिनीअर असेल, कुणाला कापडाची आवड असेल, मुलांना लढाया ऐकायच्या असतील, तर तेच शहर गाइड वेगळ्या बाजूने दाखवू शकतो, त्याला फक्त आधी कळायला हवं म्हणजे तो तयारी करून येतो.

तर संपादक महोदय, तुम्हाला आग्रहाने सांगते की ती दहा-बारा नावांची चौकट काढून टाका. तिच्या जागी प्रत्येक लेखाखाली बंद असण्याचा वार, शेवटच्या प्रवेशाची वेळ, तिकीट आधी काढावं लागतं का आणि नावाचं आहे का, गाइडला परवाना लागतो का, चढण किंवा पायऱ्या किती आणि लिफ्ट आहे का, एवढं छापा, आणि माहिती कुठल्या महिन्यात तपासली तेही बाजूला लिहा. लेखकाने तिथे गाइड घेतला असेल तर त्याने नेमकं काय सांगितलं जे आपल्याला एकट्याने कळलं नसतं, ते दोन ओळींत आलं तर मी ते सगळ्यात आधी वाचेन.

आपली,
एक नियमित वाचक