विजेवरच्या खाद्यगाडीला हवा एक सॉकेट

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

नागपुरात संध्याकाळी जिथे खाद्यगाड्या लागतात, तिथे जनरेटरची घरघर आणि पेट्रोलचा वास यांबद्दल वाचक आपल्या सदरातून अधूनमधून तक्रार करतात. तक्रार रास्त आहे, परंतु गाडीवाल्यापुढे दुसरा मार्ग कोणता, याचा उल्लेख त्यात सहसा नसतो. माझी सून गेल्या दीड वर्षापासून तर्री पोहे, चहा आणि आलुबोंड्याचा ट्रेलर संपूर्णपणे विजेवर चालवते. गाडीत गॅस सिलिंडर नाही आणि जनरेटरही नाही. वीजतंत्री हा विषय शिकवून मी निवृत्त झालो असल्याने गाडीची वायरिंग आणि हिशेबाची वही माझ्याकडे आहे. हे पत्र त्या वहीच्या आधारेच लिहीत आहे.

गाडीच्या तळाशी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आहेत. दोन्ही मिळून दहा युनिटांहून थोडी अधिक वीज साठते आणि त्यांतील नऊ युनिटे निर्धास्तपणे वापरता येतात. पंधरा लिटर तर्री उकळीपर्यंत नेणे, मग ती चार तास गरम ठेवणे, पोह्यांचे घाणे, चहा, लहान फ्रिज, पंखा आणि दिवे असे सकाळचे सगळे काम साडेपाच युनिटांच्या आसपास आटोपते. पाणी तापवायला लागणारी ऊर्जा ठरलेली असते; इंडक्शनवर तिच्यातील फार थोडी वाया जाते, तर उघड्यावरच्या गॅसच्या ज्योतीची निम्मी उष्णता वारा नेतो. मात्र आमचे जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, सगळे गंज (पातेली) मोडीत काढावे लागले, कारण ज्या भांड्याला लोहचुंबक चिकटत नाही ते इंडक्शनवर तापतच नाही. गोल बुडाच्या कढईसाठी खोलगट इंडक्शन वेगळे घ्यावे लागले, ते निराळेच.

खरी परीक्षा तळणाची. पाच लिटर तेल १८० अंशांवर न्यायला अर्धे युनिटही लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला आम्ही निश्चिंत होतो. पण थंड बोंड्यांचा घाणा सोडला की तेल एकदम उतरते. गॅसवर आच मोठी करून ते सावरता येते. अडीच किलोवॅटच्या फ्रायरला त्याच्या गतीनेच चढावे लागते, आणि तोवर बोंडा तेल पितो. आता सुनबाई दहाऐवजी सहाचाच घाणा काढतात आणि फ्रायर चालू असताना चहाची शेगडी बंद ठेवतात, कारण सगळी उपकरणे एकदम लावली की पाच केव्हीएचा इन्व्हर्टर हात वर करतो. एवढी शिस्त पाळूनही संध्याकाळच्या तीन तासांत सहा युनिटे जातात. सकाळची साडेपाच आणि ही सहा यांची बेरीज केल्यास अडचण कुठे येते, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

छपरावर सौर पॅनल लावा, असा सल्ला जवळपास प्रत्येक ग्राहक देतो. छप्पर दहा फूट बाय सहा फुटांचे आहे. त्यावर पाचशे वॅटच्या वरचे दोन पॅनल कसेबसे बसतात आणि उघड्या उन्हात ते दिवसाला चारेक युनिटे देतातही. पण गाडी कडुलिंबाखाली उभी असते, कारण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर उन्हात थांबून पोहे खाणारा नागपूरकर मी अजून पाहिलेला नाही. उन्हाचा दुसरा फटका बॅटरीला बसतो. मे महिन्यात पत्र्याच्या बंद गाडीतील तापमान पन्नाशीपलीकडे गेले की बॅटरीची संरक्षण यंत्रणा चार्जिंग थांबवते. म्हणून बॅटऱ्या फ्रायरपासून दूर, स्वतंत्र हवेशीर कप्प्यात ठेवल्या आहेत. याउलट गॅसची ज्योत नसल्याने गाडीत उभे राहणाऱ्या माणसाला होणारा जाच बराच कमी झाला आहे, आणि सुनबाईंच्या मते दीड वर्षातील सर्वांत मोठी कमाई हीच आहे.

दुपारी गाडी सहा किलोमीटर ओढत घरी आणायची, तीन तास चार्ज करायची आणि पुन्हा न्यायची, असा सध्याचा क्रम आहे. घरी त्यासाठी वेगळे व्यापारी मीटर घेतले आहे. त्या दराने गॅसच्या तुलनेत फार मोठी बचत होत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. गाडी उभी राहते त्या जागेवर जोडणी मिळावी म्हणून संबंधित कार्यालयात गेलो, तेव्हा जागेचा पुरावा मागितला गेला. चाकांवर असलेल्या दुकानाने तो कुठून आणायचा? परिणामी बहुतेक गाडीवाले शेजारच्या दुकानातून वायर ओढतात आणि दर बल्बमागे रोजचे पैसे मोजतात. पावसात उघड्या जोडावरून गेलेली ती वायर पाहून माझ्यासारख्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार विक्री क्षेत्रे आखायची आहेत, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेतेच असायचे आहेत आणि क्षेत्रातील नागरी सुविधांसाठी विक्रेत्यांकडून देखभाल शुल्क घेण्याचीही तरतूद आहे. या सुविधांमध्ये पाणी आणि कचरापेटीबरोबर मीटरवर मोजून दिलेली वीजही धरावी, एवढीच माझी विनंती आहे. १६ अँपिअरचे एकफेजी सॉकेट साडेतीन किलोवॅटपर्यंत भार घेते. ते जागेवर मिळाल्यास आमच्या गाडीला दोनऐवजी एक बॅटरी पुरेल. गाडीतील सर्वांत महाग वस्तू बॅटरीच असते. पथविक्रेत्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पहिले कर्ज दहा हजारांचे होते. तेवढ्या रकमेत बॅटरी येत नाही, इंडक्शन शेगडी आणि योग्य भांडी मात्र येतात.

असे सॉकेट देणाऱ्या खांबावर प्रीपेड मीटर, वीज गळताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच आणि नीट केलेले अर्थिंग असावे. सॉकेट जमिनीपासून पुरेशा उंचीवर असावे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांमध्ये किती पाणी शिरले होते, हे शहर विसरलेले नाही. ही वीज शेवटी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतील कोळशाचीच ना, असेही मला विचारले जाते. बऱ्याच अंशी होय; पण लहान पेट्रोल जनरेटरपेक्षा मोठे केंद्र इंधनातून अधिक वीज काढते आणि त्याचा धूर निदान ग्राहकाच्या ताटावर येत नाही.

सदर, धरमपेठ किंवा फुटाळा यांपैकी एखाद्या ठिकाणी असे दोन खांब प्रायोगिक तत्त्वावर उभारून पाहावेत. दीड वर्षाच्या रोजच्या युनिटांची नोंद असलेली आमची वही समितीला हवी असल्यास आम्ही ती आनंदाने देऊ.

आपला विश्वासू,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर